पंधरा वर्षांनी केलेला फोन

क्षमेच्या गोष्टी आपण फार भरभर सांगतो. आधी खून होतो, मग घरातलं कुणीतरी मारेकऱ्याला माफ करतं आणि ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. अमेरिकेतल्या सोढी कुटुंबाची हकीकतही अशीच सांगितली जाते. १५ सप्टेंबर २००१ रोजी ॲरिझोना राज्यातल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपावर एका माणसानं गोळ्या घातल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये बलबीरसिंगांचे धाकटे भाऊ राणासिंग तुरुंगातल्या त्या माणसाशी फोनवर बोलले आणि म्हणाले, की आम्ही तुला केव्हाच माफ केलं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मधे पंधरा वर्षं गेली. त्या वर्षांत या घरानं एका भावापाठोपाठ दुसऱ्यालाही अग्नी दिला. खटला चालला, फाशीची शिक्षा झाली, ती रद्दही झाली. स्मारकावरून भावाचं नाव काढायला निघालेल्या विधिमंडळाशी झगडावं लागलं. ही वर्षं वगळली, की क्षमा हा चांगल्या माणसांचा जन्मजात गुण वाटू लागतो. सोढींच्या घरी ती तशी आली नाही, म्हणून मला लिहायचं आहे ते या मधल्या वर्षांबद्दल.

सोढी हे शीख परंपरेत मोठं आडनाव. चौथ्या गुरूंपासून दहाव्यापर्यंतचे सगळे गुरू याच कुळातले. दहावे गुरू गोविंदसिंग आपल्या नांदेडला राहिले आणि १७०८ मध्ये मारेकऱ्यानं केलेल्या जखमांनी तिथंच गेले. त्यामुळे पगडी, दाढी, कडं आणि कृपाण यांचा अर्थ मराठवाड्यातल्या शाळकरी पोरालाही सांगावा लागत नाही. अमेरिकेत तो सांगावा लागत होता आणि ऐकणारे थोडे होते.

बलबीरसिंगांचं गाव जालंधर जिल्ह्यातलं, करतारपूरजवळचं. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दिल्लीत आणि इतरत्र शिखांना घराघरांतून ओढून मारलं गेलं. त्यानंतरच्या वर्षांत पंजाबातल्या अनेक घरांनी मुलांना परदेशी पाठवलं, त्यात हे भाऊही होते. पगडीकडे बोट दाखवून माणसं मारली जातात, हे त्यांनी आपल्याच देशात पाहिलं होतं आणि ते मागं टाकण्यासाठीच ते निघाले होते. बलबीरसिंग ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात पोचले. आधी दुकानात काम केलं, मग सॅन फ्रान्सिस्कोत टॅक्सी चालवली. पैसा पैसा जोडून ॲरिझोनात, फीनिक्सला लागून असलेल्या मेसामध्ये, पेट्रोल पंप घेतला. पत्नी पंजाबात, स्वतः परदेशात आणि दोन्हीकडचा संसार एका मिळकतीवर, हे गणित आखातात वर्षं काढलेल्या कोकणातल्या माणसांना समजावून सांगायला नको.

११ सप्टेंबरला न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. त्यानंतरच्या चार दिवसांत अमेरिकेच्या टीव्हीवर एकच पगडी पुन्हापुन्हा दिसत होती, ओसामा बिन लादेनची. १२ तारखेला बॉस्टनहून निघालेली एक आगगाडी प्रॉव्हिडन्स स्टेशनात थांबवून पोलिसांनी एका शीख तरुणाला बेड्या घालून खाली उतरवलं. त्याचा हल्ल्याशी काडीचा संबंध नव्हता. पण पगडीधारी माणूस पोलिसांच्या ताब्यात, हे चित्र देशभर दाखवलं गेलं. त्याच सुमारास उभ्या राहिलेल्या ‘सिख कोअलिशन’ या संघटनेनं पहिल्या महिन्यातच शिखांवरचे हल्ले आणि भेदभावाचे तीनशेहून अधिक प्रकार नोंदवले. एफबीआयच्या आकड्यांनुसार मुस्लिमांविरुद्धचे द्वेषगुन्हे २००० साली २८ होते, २००१ साली ते ४८१ झाले. आणि ही फक्त पोलिसांपर्यंत पोचलेल्या प्रकरणांची गणती.

फ्रँक रोक हा मेसामध्येच राहणारा, विमान दुरुस्तीचं काम करणारा बेचाळीस वर्षांचा माणूस. त्या दिवसांत डोक्याला फडकं गुंडाळणाऱ्यांना आपण गोळ्या घालणार, असं त्यानं एका हॉटेलात वेटरला बोलून दाखवलं होतं. त्यांची मुलंही मारायला हवीत, असंही तो म्हणाला होता. हे सगळं पुढे खटल्यात आलं. म्हणजे त्याच्या मनात काय चाललंय ते आधीच कुणाच्या तरी कानावर पडलं होतं. असं बोलणं तेव्हा ठिकठिकाणी चाललं होतं आणि ऐकणाऱ्यांना त्यात वावगं वाटेनासं झालं होतं. रोकच्या गुन्ह्याचा विचार करताना मला गोळीइतकंच त्या ऐकून घेण्याचं भय वाटतं.

१५ तारखेला शनिवार होता. बलबीरसिंग सकाळी कॉस्टको या मोठ्या दुकानात गेले. तिथं हल्ल्यात मेलेल्यांच्या घरच्यांसाठी पेटी ठेवली होती. त्यांनी खिशात होते ते ७५ डॉलर तिच्यात टाकले. पंपावर अमेरिकेचा झेंडा लावायचा होता. त्या आठवड्यात झेंडे दुकानांतून संपले होते, म्हणून कुठं मिळाला तर बघ, असं त्यांनी भावाला सांगून ठेवलं. दुपारी ते पंपाभोवती फुलझाडं लावून घेत होते, बागकाम करणारा माणूस बरोबर होता. पावणेतीनच्या सुमारास रोकची काळी पिकअप गाडी आली. त्यानं गाडीतूनच पाच गोळ्या झाडल्या. बलबीरसिंग जागच्या जागी गेले. वय बावन्न.

रोक तिथून पुढे गेला. दुसऱ्या एका पंपावर लेबनॉनहून आलेल्या कुटुंबातला माणूस गल्ल्यावर होता, त्याच्यावर गोळ्या झाडल्या. नेम चुकला. मग एका घरावर गोळीबार केला. ते पूर्वी रोकचंच घर होतं. त्यानं ते विकलं होतं आणि आता तिथं अफगाण कुटुंब राहत होतं. पोलिसांनी पकडलं तेव्हा, मी देशभक्त आहे, मी अमेरिकेच्या बाजूनं उभा आहे, असं तो ओरडत होता.

त्याच दिवशी टेक्सासमध्ये डॅलसला एका पाकिस्तानी दुकानदाराचा खून झाला. मारेकरी वेगळा, कारण तेच. त्यानं २१ सप्टेंबरला रईस भुइयाँ या बांगलादेशी तरुणाच्या तोंडावर बंदूक झाडली आणि ४ ऑक्टोबरला वासुदेव पटेल या गुजराती पंपचालकाला मारलं. भुइयाँ एका डोळ्यानं अधू झाले, पण वाचले. दहा वर्षांनी ते त्या मारेकऱ्याची फाशी थांबवावी म्हणून न्यायालयात गेले. जुलै २०११ मध्ये ती दिली गेलीच. सोढींची गोष्ट एकटी नाही, हे ध्यानात राहावं म्हणून हे सांगितलं.

बलबीरसिंगांच्या मृत्यूची बातमी देताना वर्तमानपत्रांनी लिहिलं, की मारेकऱ्यानं त्यांना चुकून मुसलमान समजून मारलं. बातमी म्हणून ते बरोबरही असेल. पण त्या ‘चुकून’मधून एक भयंकर अर्थ निघतो. पंपावर खरोखर मुसलमान उभा असता तर चूक झाली नसती, असा. अमेरिकेतल्या शिखांपुढे तेव्हा एक सोपी वाट होती. आम्ही ते नव्हेत, आमचा धर्म वेगळा, आम्हाला सोडा, असं जाहीर करून टाकायचं. काहींनी तसं केलंही. भीतीनं घेरलेल्या माणसाला त्याबद्दल दोष देता येत नाही. पण राणासिंगांनी आणि त्यांच्या बरोबरच्यांनी ती वाट धरली नाही. शीख कोण हे ते लोकांना सांगत राहिले, पण मुसलमानांकडे बोट दाखवून नाही. मशिदींतही त्यांचं जाणं-येणं राहिलं. या घराच्या क्षमेचा उगम मला इथं दिसतो. दुःखाच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी आपलं संकट शेजाऱ्याच्या दारात ढकललं नाही.

फीनिक्समध्ये शोकसभा झाली, तिला तीन हजार माणसं आली. शीख त्यात थोडे होते. बाकी मेसातले, आजूबाजूच्या गावांतले, पंपावर पेट्रोल भरायला येणारे आणि न येणारेही. पंपाच्या दारात फुलांचे ढीग लागले होते. पंजाबातून आलेल्या बलबीरसिंगांच्या पत्नीनं ते सगळं पाहिलं.

पुढे कॅलिफोर्नियातली व्हॅलरी कौर ही वीस वर्षांची विद्यार्थिनी पंजाबात जाऊन त्यांना भेटली. सोढी कुटुंबाशी तिच्या घरचा परिचय होता. बलबीरसिंग तिला काकांसारखे. त्यांच्या खुनाची बातमी आल्यावर ती चुलतभावाला घेऊन, कॅमेरा उचलून अमेरिकाभर हिंडली आणि मार खाल्लेल्या, हाकललेल्या, घाबरलेल्या माणसांचं बोलणं टिपत गेली. त्यातून पुढे ‘डिव्हायडेड वी फॉल’ हा माहितीपट झाला. पंजाबातल्या त्या भेटीत तिनं विचारलं, की अमेरिकेतल्या लोकांना काय सांगू. उत्तरात राग येईल, अशी तिची अटकळ होती. त्या म्हणाल्या, त्यांना धन्यवाद सांग. ते मला ओळखत नव्हते तरी माझ्याबरोबर रडले.

या उत्तरावर मी बरेच दिवस अडखळलो आहे. एका माणसानं नवरा मारला आणि हजारो रडायला आले. दोन्ही अमेरिकेचीच माणसं. यांतली अमेरिका कुठली मानायची, हे त्या बाईला स्वतःच ठरवावं लागलं आणि तिनं रडणारी निवडली. पण निवडायला ती समोर असावी लागते. हॉल रिकामा असता, पंपावर एकही फूल नसतं, तर धन्यवाद कुणाला द्यायचे होते? क्षमाशील बाई म्हणून तिचं कौतुक करणं सोपं आहे. शोकसभेला तीन हजारांनी जाऊन बसणं हे शेजाऱ्यांचं काम होतं. मेसाच्या आणि फीनिक्सच्या माणसांनी ते केलं, आणि त्यांना त्याचं श्रेय द्यायला हवं.

वर्ष भरायच्या आत दुसरा घाला पडला. ४ ऑगस्ट २००२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत टॅक्सी चालवणारे बलबीरसिंगांचे भाऊ सुखपालसिंग गाडीतच गोळी लागून गेले. टोळ्यांच्या भांडणातली भरकटलेली गोळी असावी, असं पोलिसांचं म्हणणं पडलं. द्वेषाचा गुन्हा म्हणून ते प्रकरण नोंदलं गेलं नाही. पण ज्या घरातून अकरा महिन्यांपूर्वी एक भाऊ गेला होता, तिथं या फरकानं काय समाधान होणार? गावाकडच्या म्हाताऱ्या आईवडिलांना हे पुन्हा सांगायचं होतं. या दुसऱ्या मृत्यूबद्दल क्षमा करायला समोर माणूसही नव्हता. सोढींच्या हकीकतीच्या छोट्या आवृत्त्यांत सुखपालसिंगांचं नाव बहुधा येत नाही, कारण ते गोष्टीत बसत नाही.

रोकचा खटला २००३ मध्ये उभा राहिला. तो वेडाच्या भरात होता, त्याला आवाज ऐकू येत होते, असं बचाव पक्षाचं म्हणणं. ज्यूरीनं ते मानलं नाही. ३० सप्टेंबरला दोषी ठरवलं आणि ९ ऑक्टोबरला फाशीचा निर्णय दिला. ऑगस्ट २००६ मध्ये ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयानं गुन्हा कायम ठेवला, पण त्याचा मानसिक आजार आणि कमी बुद्ध्यांक लक्षात घेऊन फाशीऐवजी मरेपर्यंत तुरुंग, सुटकेची आशा नाही, अशी शिक्षा केली. कायद्याचं काम इथं संपलं. ते पाच वर्षांत, सगळ्या पायऱ्या चढून, उघड न्यायालयात झालं होतं. खुनी कोण हे ठरलं होतं, त्यानं का मारलं हे साक्षीपुराव्यानं नोंदलं गेलं होतं. बलबीरसिंगांच्या मृत्यूला ‘झालं ते झालं’ असं कुणी म्हणू शकत नव्हतं. पुढे राणासिंगांनी जे केलं, ते या पायावर उभं राहून केलं.

राणासिंग बोलू लागले. इंग्रजी अडखळत, व्यासपीठाची सवय नाही, पोटापाण्याचा धंदा सांभाळायचा. तरी शाळांत गेले, चर्चमध्ये गेले, पोलिसांच्या बैठकांत गेले. प्रत्येक १५ सप्टेंबरला पंपावर माणसं जमू लागली. जिथं बलबीरसिंग पडले, तिथं मेणबत्त्या लागू लागल्या. भावाच्या खुनाची हकीकत वर्षानुवर्षं अनोळखी माणसांपुढे सांगायची म्हणजे जखमेवर खपली धरू द्यायची नाही, असंच कुणालाही वाटेल. राणासिंगांना मात्र त्यातूनच चालता आलं, असं दिसतं. शिखांच्या रोजच्या अरदासेच्या शेवटी सगळ्यांच्या भल्याचं मागणं असतं. त्यात शत्रूला वगळलेलं नाही. हे मागणं लहानपणापासून दोन वेळा म्हणत आलेला माणूस एक दिवस त्याचा अर्थ स्वतःला लावू पाहतो, तेव्हा काय होतं, ते या माणसाच्या वागण्यात दिसतं. मात्र प्रार्थनेनंच सगळं झालं, असं मी म्हणणार नाही. तीच अरदास म्हणणारे अनेक जण आपल्या मारेकऱ्यांना माफ करत नाहीत आणि त्यांची श्रद्धा त्यामुळे उणी ठरत नाही.

२०११ साली एक वेगळाच अपमान वाट्याला आला. फीनिक्सच्या राजधानी परिसरात ॲरिझोनानं ११ सप्टेंबरचं स्मारक उभारलं आहे. गोलाकार पत्र्यात शब्द कोरून आरपार कापलेले आहेत, त्यांतून ऊन खाली पडलं की जमिनीवर वाचता येतात. त्यात मेसामध्ये खून झालेले शीख म्हणून बलबीरसिंगांचं नाव आहे. ते ११ सप्टेंबरचे बळी नव्हेतच, असं म्हणून इतर काही मजकुराबरोबर हे नावही काढून टाकण्याचं विधेयक विधिमंडळात आलं आणि दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. दहा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला पुन्हा मोडीत काढण्याचा हा प्रकार होता. ज्या माणसानं खिशातले शेवटचे पैसे त्या हल्ल्यातल्या मृतांसाठी दिले, त्याच्या मरणाचा त्या हल्ल्याशी संबंध नाही, असं त्याच्या राज्याचे लोकप्रतिनिधी म्हणत होते. कुटुंब आणि शीख संघटना पुढे सरसावल्या, पत्रं गेली, सह्या जमल्या. अखेर एप्रिलमध्ये गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी नकाराधिकार वापरला आणि नाव राहिलं.

मला हा प्रसंग फोनच्या प्रसंगाइतकाच महत्त्वाचा वाटतो. राणासिंगांनी फ्रँक रोकला माफ केलं, पण विधिमंडळाला नाव पुसू दिलं नाही. विसरून जायला आणि पुसून टाकायला या घराचा विरोधच होता. माफ करणारा माणूस म्हणजे मऊ माणूस, असा एक समज असतो. सोढींचा हा लढा पाहिला, की तो समज टिकत नाही.

पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट २०१२ रोजी, विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात एका गोऱ्या वर्चस्ववाद्यानं सहा जणांना मारलं. रविवारचा लंगर शिजत होता. गुरुद्वाऱ्याचे प्रमुख सतवंतसिंग कालेका हाती लागली ती सुरी घेऊन त्याच्या अंगावर गेले आणि गोळ्या लागून पडले. जखमी झालेले ग्रंथी लुळे होऊन पडून राहिले आणि साडेसात वर्षांनी, २०२० मध्ये, गेले. त्या हल्ल्यात आई गमावलेला अठरा वर्षांचा एक मुलगा सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकी सेनेटच्या समितीपुढे साक्षीला बसला. एफबीआयच्या द्वेषगुन्ह्यांच्या नोंदीत तेव्हा शीखविरोधी असा रकानाच नव्हता. आईला निदान आकडेवारीत मोजलं जाण्याचा मान द्या, असं त्यानं मागितलं. ते मागणं मान्य झालं आणि २०१५ पासून तो रकाना आला. सतवंतसिंगांचा मुलगा परदीप वेगळ्या वाटेनं गेला. मारेकरी ज्या टोळीतला होता, तिच्या जुन्या संस्थापकांपैकी आर्नो मायकेलिस हा त्या विचारांतून बाहेर पडला होता. परदीप त्याला स्वतः जाऊन भेटला आणि दोघं मिळून शाळांतून काम करू लागले. शोक करणाऱ्या दोन मुलांची ही दोन कामं. एकानं रकाना मागितला, दुसऱ्यानं शत्रूच्या बाजूचा माणूस शोधला. यांतलं दुसरं जास्त थोर आहे, असं मला म्हणवत नाही.

आता तो फोन.

१५ सप्टेंबर २०१६ ला व्हॅलरी कौर पंपावर राणासिंगांबरोबर होती. पंधरा वर्षांत ती वकील झाली होती, आई झाली होती. मेणबत्त्या लागल्या. देशात निवडणुकीचा हंगाम होता आणि पगडीवाल्यांवर, हिजाबवाल्यांवर पुन्हा हल्ले वाढत होते. एवढं करून काहीच बदललं नाही, अशी निराशा दोघांच्या बोलण्यात होती. त्यातून प्रश्न निघाला, की आपण अजून कुणाकडे गेलोच नाही? उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. तुरुंगाकडे विचारणा झाली, रोक बोलायला तयार झाला.

फोनवर व्हॅलरीनं त्याला विचारलं, तू आमच्याशी बोलायला का तयार झालास? तो म्हणाला, जे घडलं त्याचं मला वाईट वाटतं, पण ११ सप्टेंबरला मेलेल्या माणसांबद्दलही मला वाईट वाटतं.

व्हॅलरीचा संताप झाला, हे तिनं पुढे स्वतःच सांगितलं आहे. तिचा संताप योग्य होता. ते वाक्य नीट पाहा. मी मारलं, असं त्यात नाही, ‘जे घडलं’ असं आहे. आणि लगेच ‘पण’ येतो, त्या ‘पण’मागे तीन हजार मृतांना उभं करून बलबीरसिंगांच्या खुनाची वजाबाकी चालली आहे. पंधरा वर्षं तुरुंगात काढून या माणसाला एवढंच म्हणता येत असेल, तर फोन ठेवून द्यावा असं कुणालाही वाटलं असतं. वकील म्हणून, कार्यकर्ती म्हणून तिच्या कानानं ती पळवाट बरोबर पकडली.

राणासिंगांच्या कानानं त्याच वाक्यातून दुसरं काही घेतलं. ते म्हणाले, फ्रँक, तुला वाईट वाटतं हे तुझ्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकतोय.

एवढंच. ‘पण’च्या पुढचं त्यांनी सोडून दिलं आणि अलीकडचं उचललं. ते भोळे होते म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. पंधरा वर्षं शाळांत, चर्चमध्ये, पोलिसांपुढे बोललेला माणूस लोक कसं बोलतात ते जाणतो. अर्धवट बोलणाऱ्याला त्याच्या बोलण्यातला बरा भाग आधी परत ऐकवला, तर तो पुढचं बोलतो, हे कौशल्य त्यांनी एवढ्या वर्षांत कमावलं असणार. आणि रोक पुढचं बोललाच. या वेळी ‘पण’ नव्हता. तुमच्या भावाला मी जे केलं त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, असं तो म्हणाला. मेल्यावर देवापुढे न्यायाला उभा राहीन तेव्हा मी तुमच्या भावाला भेटायचं म्हणेन, त्याला मिठी मारीन, त्याची माफी मागीन. यावर राणासिंगांनी त्याला सांगितलं, की आम्ही तुला आधीच माफ केलं आहे. माझ्या हातात असतं तर तुला आत्ता बाहेर काढलं असतं, असंही ते म्हणाले. तू कधी सुटलास तर दोघं मिळून जगाला ही हकीकत सांगू.

या संभाषणातल्या क्रमाला महत्त्व आहे. राणासिंगांनी क्षमा आधीच केली होती, ती रोकच्या पश्चात्तापावर अवलंबून नव्हती. पण तो पश्चात्ताप त्यांना ऐकायचा होता, नाहीतर फोन कशाला केला असता? मनातून द्वेष काढून टाकणं हे एकट्यानं होतं. समोरच्यानं आपला अपराध आपल्या नावावर घेणं, हे दोघांशिवाय होत नाही. पहिली गोष्ट सोढींनी स्वतःच्या जिवासाठी केली. दुसरी घडली ती त्या अर्ध्या वाक्यावर त्यांनी फोन ठेवला नाही म्हणून.

रोक सुटणार नव्हता, ते दोघांनाही माहीत होतं. मे २०२२ मध्ये तो कैदेतच वारला. बाहेरच्या जगातही त्या फोननं फार काही बदललं, असं दिसत नाही. एप्रिल २०२१ मध्ये इंडियानापोलिसला फेडेक्सच्या गोदामात आठ जणांना गोळ्या घातल्या गेल्या, त्यांतले चार शीख होते. तो हल्ला द्वेषातून झाला नाही, असा निष्कर्ष एफबीआयनं काढला आणि शीख संघटनांनी त्याला हरकत घेतली.

क्षमेचं कौतुक करताना एका गोष्टीचं भान सुटू नये, असं मला कळकळीनं वाटतं. जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या तरुणानं मारलं. दोनच दिवसांनी न्यायालयात मृतांच्या काही नातेवाइकांनी त्याला माफ केल्याचं सांगितलं. देश भारावून गेला. पण सगळ्या नातेवाइकांनी माफ केलं नव्हतं, आणि न करणाऱ्यांचे आवाज त्या भारावलेपणात ऐकू येईनासे झाले. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याकडूनच लोक लगोलग क्षमेची वाट पाहू लागले, की ती क्षमा बाकीच्यांच्या सोयीची होते. मग हा तरुण असा कसा झाला, बंदूक त्याच्या हाती कशी आली, हे विचारायची कुणाला घाई राहत नाही. राणासिंगांकडून ती क्षमा मागायचा अधिकार कुणालाच नव्हता. कुणी मागितलीही नाही. त्यांनी ती त्यांना वाटलं तेव्हा दिली आणि तोवर न्यायालयानं, शेजाऱ्यांनी, अखेर राज्याच्या गव्हर्नरनंही आपापल्या वाट्याचं थोडंफार काम केलेलं होतं.

महाराष्ट्रात बसून ही हकीकत लिहिताना २ जून २०१४ ची रात्र मला बाजूला ठेवता येत नाही. सोलापूरचा एक तरुण पुण्यात आयटी कंपनीत नोकरीला होता. समाजमाध्यमांवर कुणीतरी टाकलेल्या विटंबनेच्या चित्रांवरून शहर पेटलं होतं. त्या चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. हडपसरमध्ये तो मित्राबरोबर घरी चालला असताना दाढी आणि टोपीवरून त्याला ओळखण्यात आलं आणि मारहाणीत त्याचा जीव गेला. मेसामध्ये पगडी होती, हडपसरमध्ये टोपी. २०१७ मध्ये उच्च न्यायालयानं काही आरोपींना जामीन देताना, मृताचा दोष इतकाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, अशा आशयाचं विधान केलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जामिनाचा आदेश रद्द केला. त्याच वर्षाच्या अखेरीस खटल्यासाठी धावपळ करणारे मुलाचे वडील वारले. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं पुराव्याअभावी सर्व आरोपींची निर्दोष सुटका केली.

आरोपींना कोर्टानं सोडलं, तो निकाल मी मानतो. पण त्या घराला क्षमेबद्दल काही विचारायचं तर आधी क्षमा कुणाला करायची, हे तरी त्यांना कळायला हवं. मुलाला कुणी मारलं, याचं उत्तर साडेआठ वर्षांनी लागलेल्या त्या निकालातून त्यांना मिळालं नाही.